उजवीकडची पट्टी

त्यांचं खरं नाव कुठल्याशा दप्तरात असेलच, पण ते पाहायला अर्ज करावा लागेल. सगळी नोकरी अभिलेख विभागात गेली आणि हातात कायम ‘गोपनीय’ असा लाल शिक्का, त्यामुळे कचेरीतले लोक त्यांना गोपनीयराव म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, कारण त्यांना ते आवडायचं. एकदा म्हणे या गृहस्थांनी उपाहारगृहाच्या दरपत्रकावरही शिक्का ठोकला, आणि मग बरेच दिवस चहा केवढ्याला आहे ते कुणी कुणाला सांगेना. निवृत्त झाल्यावर शिक्का जमा करावा लागला. सवय कोण जमा करून घेणार?

घरातही तोच कारभार. विजेचं बिल फाडायचं तर नावाचा तुकडा एका डब्यात, पत्त्याचा दुसऱ्या. फोनवर बोलताना तोंडापुढे हात धरायचा आणि आवाज मात्र असा लावायचा की खालच्या मजल्यावरच्या माणसानं परस्पर उत्तर द्यावं. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

घरात ते आणि त्यांची लेक, एवढीच माणसं. लेक एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लग्न मोडून माहेरी परत आलेली. मोडलं तेही कसं, तर ना आदळआपट, ना आरडाओरडा. दोघं टेबलाशी बसली, आपलं जमत नाही असं ठरवलं, भांडीकुंडी वाटून घेतली आणि एकमेकांना शुभेच्छा देऊन मोकळी झाली. गोपनीयरावांना राग आला तो याचाच. काही भानगड असती तर निदान झाकून ठेवता आली असती. जावयानं काहीच वाईट केलेलं नाही, हे माणसानं झाकायचं कसं? शेवटी त्यांनी जावयाचं नाव घरात काढायचंच बंद केलं आणि प्रकरण आपल्यापुरतं निकाली काढलं.

बायको त्याच्याही आधी गेली होती. तिच्याबद्दलही ते बोलत नसत, पण त्यामागे राग नव्हता. बोलायला गेले की घसा दाटायचा, आणि घसा दाटलेला माणूस साहेब दिसत नाही.

अशात लेकीची एका दातांच्या डॉक्टरशी ओळख झाली. त्याचंही पहिलं लग्न टिकलेलं नव्हतं. माणूस शांत, कामापुरतं बोलणारा. तो रविवारी आपल्या आईला घेऊन चहाला येणार असं ठरलं आणि गोपनीयराव मनातून असे हरखले की त्यांनी सकाळचं वर्तमानपत्र दोनदा वाचलं. आपल्यामागे पोरगी या घरात एकटी बसून काय करणार, कुलपं मोजणार? ही काळजी त्यांना आतून पोखरत होती. हे जमायलाच हवं होतं. काहीही करून जमायला हवं होतं.

“बाबा, आधीच सांगते,” लेक म्हणाली. “त्यांच्यापासून काही लपवायचं नाही.”

“मी कुठे लपवतोय? मी फक्त दाखवत नाही,” गोपनीयराव म्हणाले. नोकरीभर ते हेच वाक्य लोकांना ऐकवत आले होते.

लेकीनं कपाळाला हात लावला आणि ती कामाला निघून गेली.

शुक्रवारी त्यांची धाकटी बहीण आली. ही शेजारच्याच इमारतीत राहायची आणि घरी केक करून विकायची. भावाच्या अगदी उलट स्वभाव. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून तिनं कमरेवर हात ठेवले.

“दादा, हे घर आहे की कचेरी? पाहुणे येऊन बसतील आणि आपला नंबर कधी लागतोय म्हणून दाराकडे बघत राहतील. जरा हसतंखेळतं दिसू दे की. ती वहिनीची फ्रेम कुठाय? ती लाव.”

फ्रेम म्हणजे फोटो दाखवणारी, विजेवर चालणारी चौकट. पेन ड्राइव्ह खोचला की एकामागून एक फोटो फिरत राहायचे. जावयानंच आणून दिली होती, सासूला ओट्यापाशी काम करता करता दिसावी म्हणून. ती गेल्यापासून फ्रेम कपाटात होती. गोपनीयरावांनी ती एकदाही लावली नव्हती, कारण त्या फ्रेममध्ये बायको होती. भिंतीवर तिचा फोटो होता म्हणा, पण तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ती बँकेत खातं बंद करायला आल्यासारखी दिसे. लग्नातला एक फोटो होता, त्यात मान इतकी खाली की नुसता भांग दिसत होता. हसणारी, बोलणारी, घरात वावरणारी बायको होती ती फक्त जावयानं काढलेल्या फोटोंत, आणि ते सगळे फोटो गोपनीयरावांच्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये होते. जावई यायच्या आधी या घरात कुणी फोटो काढतच नसे. गोपनीयरावांच्या मते फोटो म्हणजे पुरावा, आणि पुरावा आपण होऊन कोण तयार करतं?

“फ्रेम लावली तर तो दिसेल,” गोपनीयराव म्हणाले.

“कोण तो?”

“तो.”

“अगं बाई, तो होय,” बहीण म्हणाली. “दिसू दे की. माणूसच आहे.”

पण यांना ते पटेना. पहिल्याच भेटीत डॉक्टरच्या आईनं समोर बघावं, तर आपल्या होणाऱ्या सुनेच्या बाजूला पहिला नवरा दात काढून उभा. आणि दातांच्या डॉक्टरसमोर! छे, छे.

“मग काढून टाक त्याला फोटोतून. त्यात काय एवढं,” बहीण म्हणाली. “मी केकच्या फोटोंचं करतेच की. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, सगळे फोटो त्यात ओतायचे, एका फोटोवर काय हवं ते करायचं आणि बटण दाबायचं. लहान करायचे तर सगळे लहान, कडा कापायच्या तर सगळ्यांच्या कडा कापल्या. चहा उकळेपर्यंत काम फत्ते.”

“आणि ते फोटो जातात कुठे?”

“कुठेच जात नाहीत. तुझ्याच लॅपटॉपमध्ये सगळं होतं. त्यांनी तसं वरच लिहिलंय.”

“लिहायला काय जातंय?” गोपनीयराव म्हणाले. “आमच्याकडे ‘जनतेच्या सेवेसाठी’ असं लिहिलेलं होतं.”

तरी शनिवारी लेक कामाला गेल्यावर त्यांनी लॅपटॉप काढला. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दाराला आतून कडी घातली. बहिणीनं सांगितलेलं पान उघडलं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: तुमचे फोटो तुमच्या संगणकाबाहेर जात नाहीत. आम्ही ते पाहत नाही, साठवत नाही, कुणाला देत नाही. गोपनीयरावांनी ते वाक्य चष्मा पुसून पुन्हा वाचलं. असं कुणी आपल्याशी बोलावं, याचीच जन्मभर वाट पाहिल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

पण विश्वास असा बसतो होय. त्यांनी पान उघडं ठेवून इंटरनेटच्या डब्याची पिनच उपटली. मग बहिणीच्या एका केकचा फोटो आत टाकून पाहिला. केक लहान झाला. नेट नाही, काही नाही, तरी झाला. पिन हातात धरून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग डबा उचलून स्नानगृहात नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं, उगाच धोका नको म्हणून.

(इकडे खाली जिन्यात त्यांची बहीण दोन शेजारणींना सांगत होती की दादा आज जावयाला फोटोतून काढतोय, वर जाऊ नका, त्याला शांतता लागते. पण ते असू दे.)

आता काढायचा कसा? एकेका फोटोतून वेचून काढायचं तर प्रत्येक फोटो बघावा लागला असता, आणि तेच तर यांना नको होतं. त्याचा चेहरा बघायचा नव्हता आणि तिचाही बघवणार नव्हता. इथे त्यांना एक गोष्ट आठवली, आणि आपल्या स्मरणशक्तीचं त्यांना मोठं कौतुक वाटलं. जावई होता जमिनीची मोजणी करणारा. फोटोसुद्धा मोजून मापून काढायचा. कुणाचा वाढदिवस असो की नुसता सुटीचा दिवस, तिपाई ठरलेल्या जागी, कॅमेरा ठरलेल्या उंचीवर, सगळ्यांनी त्या एकाच भिंतीपाशी उभं राहायचं. मग हा बटण दाबायचा आणि कॅमेऱ्यानं टिपायच्या आत धावत येऊन टोकाला उभा राहायचा. कायम उजव्या टोकाला. एकदाही चुकला नाही.

म्हणजे प्रश्नच मिटला. सगळ्या फोटोंची उजवीकडची पट्टी कापली की जावई गेला.

त्यांनी अख्खा फोल्डर आत ओतला. पानावर पहिला फोटो मोठा दिसू लागला, बाकीचे खाली चिमुकल्या चौकोनांत रांगेनं, नीट दिसूही नयेत इतके बारीक. पहिला फोटो लेकीच्या कुठल्याशा वाढदिवसाचा होता. मधल्या खुर्चीत गोपनीयराव, त्यांच्या डाव्या हाताला बहीण, मागे लेक, आणि उजव्या टोकाला हा, धापा टाकत. बायको नेमकी या एका फोटोत नव्हती, आणि यांना तेवढंच बरं वाटलं. गोपनीयरावांनी कापायची रेघ सरकवली. त्याचा खांदा उगाच मागे राहायला नको म्हणून आणखी थोडी आत घेतली. मग हात जरा सैलच सोडला. कापायचंच आहे तर कसर कशाला ठेवा? फोटो छान दिसू लागला, आटोपशीर. “सगळ्या फोटोंना हेच लागू करायचं का?” असं पानानं नम्रपणे विचारलं. गोपनीयरावांनी हो म्हटलं.

आणि चहा उकळायच्या आत काम झालंसुद्धा.

आता इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण अभिलेख विभागाचा एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतः कसोशीनं पाळला होता: पक्की प्रत तयार झाली की कच्ची नष्ट करायची. कच्ची प्रत राहिली की उद्या कुणीतरी ती पक्कीशेजारी ठेवून बघतो आणि प्रश्न विचारतो. या नियमापायी त्यांना एकदा बढतीही मिळाली होती. तेव्हा त्यांनी कापलेले फोटो फोल्डरमध्ये घातले आणि मूळचे पुसले. मग लॅपटॉपची कचरापेटी रिकामी केली. पेन ड्राइव्ह कोरा करून त्यावर नवे फोटो चढवले. पान बंद केलं, ब्राउझरची आठवणही पुसली. असं चोख काम करून बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं. फ्रेममध्ये पेन ड्राइव्ह खोचला, पहिला फोटो नीट दिसतोय एवढं पाहिलं, लगेच बंद केली आणि पाहुणे येईपर्यंत कुणी बघू नये म्हणून वर टॉवेल टाकला.

रविवारी डॉक्टर आणि त्याची आई वेळेवर आले. आई ठेंगणीशी, चष्म्यातून रोखून बघणारी, पण बोलायला मोकळी. लेकीनं चहा आणला, बहिणीनं केक. गोपनीयरावांनी हवा, पाणी, रस्त्यावरचे खड्डे असे निरुपद्रवी विषय काढले. मग उठून टॉवेल बाजूला केला आणि बटण दाबलं.

पहिला फोटो आला. “वा, घर भरलेलं दिसतंय,” डॉक्टरची आई म्हणाली. गोपनीयरावांच्या जिवात जीव आला.

दुसरा फोटो आला. मधल्या खुर्चीत ते, मागे लेक, आणि उजव्या कडेला हवेत एक उलथनं. नुसतं उलथनं, धरणारं कुणी नाही. तिसऱ्या फोटोत लेक कुणाकडे तरी वळून हसत होती, आणि जिच्याकडे हसत होती तिथे फोटो संपला होता. चौथ्यात बहिणीच्या खांद्यावर चार बोटं होती. बोटांवर पीठ होतं.

“हे कुणाचं उलथनं?” डॉक्टरच्या आईनं सहज विचारलं. “आणि तुमच्या मिसेस कुठल्या यात? अजून दिसल्या नाहीत.”

“येतील की,” गोपनीयराव म्हणाले. “पुढे असतील.”

पुढचा फोटो आला. त्याच्या पुढचा आला. एकात कोपर, एकात नॅपकिनचं टोक, एकात काहीच नाही. गोपनीयराव प्रत्येक फोटोच्या मधल्या खुर्चीत ताठ बसलेले होते, समोर बघत, हात गुडघ्यांवर. सोफ्यावरचे गोपनीयरावही तसेच बसले होते, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मधल्या खुर्चीत बसणाऱ्याला टोकाला कोण उभं आहे ते दिसत नाही. त्यांना कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी कधी मान वळवली नव्हती.

लेक ट्रे हातात घेऊन फ्रेमसमोर उभी राहिली होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

“बाबा, आई कुठाय?”

फ्रेम आपली फोटो बदलत राहिली.

“बाबा, मी काय विचारतेय? तो पहिला सोडला तर या सगळ्यात आई होती. आई कुठे गेली?”

“मी त्याला काढत होतो,” गोपनीयराव म्हणाले. “फक्त त्याला. उजवीकडून थोडंसं.”

“आई त्याच्या शेजारी असायची, बाबा. प्रत्येक वेळी. तुम्हाला माहीत नाही?”

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं नाही, पण त्यांचा चेहराच ते सांगत होता.

“मूळचे कुठे आहेत?”

“नष्ट केले.”

“सगळे?”

“नियमच आहे तसा,” गोपनीयराव म्हणाले, आणि आपल्याच तोंडून हे वाक्य ऐकून त्यांना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तुझ्या फोनमध्ये असतील ना? असतीलच.”

“आम्ही वेगळे झाल्यावर मी फोन साफ केला होता,” लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “मला वाटलं, बाबांकडे आहेत, बाबा कधी काही हरवत नाहीत.”

बहिणीनं केकची सुरी खाली ठेवली. “दादा, त्या पानवाल्यांना विचार की. त्यांच्याकडे एखादी प्रत राहिली असेल. हे लोक काय, सगळं ठेवून घेतात गुपचूप.”

गोपनीयराव ताडकन उठले. लॅपटॉप पाहुण्यांसमोरच उघडला, स्नानगृहातला डबा आणून पिन खोचली आणि ते पान शोधून काढलं. खाली अगदी तळाशी लोकांनी विचारलेले प्रश्न होते आणि त्यात हाही होता. उत्तर साधं सरळ होतं: तुमचे फोटो आमच्याकडे कधी आलेच नाहीत, त्यामुळे आम्ही ते परत देऊ शकत नाही.

जन्मभर या माणसानं जगाला एकच विनवणी केली होती, माझं काही बघू नका. आता प्रथमच कुणीतरी ती तंतोतंत मानली होती, आणि हे आशेनं तळाच्या बारीक अक्षरांतून बोट फिरवत होते की कुठे एखादी चोरी, एखादी लबाडी, निदान थोडा हलगर्जीपणा सापडतोय का. एरवी ज्यांच्या नावानं बोटं मोडली असती, अशा कुठल्याही परक्या कंपनीच्या पाया पडायला ते तयार होते. पण कंपनी प्रामाणिक निघाली. आता बोला.

“लॅपटॉप दुकानात दिला तर पुसलेलं परत येतं म्हणतात,” बहीण म्हणाली.

“मी त्याचाही बंदोबस्त केलाय,” गोपनीयराव क्षीण आवाजात म्हणाले. पुसलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा काहीबाही लिहून ती बुजवणारी एक युक्ती त्यांना येत होती. निवृत्तीनंतर मुद्दाम शिकून घेतली होती.

डॉक्टर इतका वेळ कप हातात धरून गप्प बसला होता. आता त्यानं तो बशीत ठेवला.

“ज्यांनी काढलेत त्यांच्याकडे असतील ना?” तो म्हणाला.

गोपनीयरावांनी डॉक्टरच्या आईकडे चोरून पाहिलं. सगळं संपलं, त्यांना वाटलं. पोरीचं हेही गेलं माझ्या पायी.

“अहो, आम्हाला ठाऊक आहे सगळं,” डॉक्टरची आई म्हणाली. “मोजणीवाले ना ते? तुमच्या बहिणीकडून मी नेहमी केक नेते. मागच्या खेपेला तासभर सांगत होत्या. फार भला मुलगा होता म्हणाल्या.”

गोपनीयरावांनी बहिणीकडे पाहिलं. बहीण केकवरचे काल्पनिक कण झटकायला लागली.

“तू कर ना फोन,” ते हळूच लेकीला म्हणाले. “तुझं ऐकेल तो.”

“मी नाही करणार. कापलंत तुम्ही, मागायचंही तुम्हीच,” लेक म्हणाली. तिनं स्वतःच त्यांच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन त्यांच्यासमोर चहाच्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

“आत जाऊन बोलतो,” गोपनीयराव म्हणाले.

“नाही बाबा. इथेच बोला, सगळ्यांसमोर. गोपनीय पुरे झालं आता.”

तिकडे घंटी वाजत राहिली. त्यांना वाटलं, नाही उचललं तर बरं. मग वाटलं, नाही उचललं तर मी काय करू?

“हॅलो बाबा,” आवाज आला. मग जरा अडखळला. “म्हणजे, काका. काय झालं? सगळे बरे आहेत ना?”

या घरातलं कुणीही बरं आहे का, असं विचारायचा याला आता काही हक्क नव्हता, आणि तरी पहिला प्रश्न त्यानं तोच विचारला. गोपनीयरावांचा घसा दाटला. साहेब दिसण्याची वेळ कधीच टळून गेली होती.

“बरे आहेत,” ते म्हणाले. “ते आपल्याकडचे फोटो. तू काढलेले. तुझ्याकडे आहेत का रे?”

“आहेत की. सगळे आहेत. का?”

“माझ्याकडचे गेले.”

“कसे गेले? तुमच्याकडून?”

गोपनीयरावांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. बहीण, लेक, डॉक्टर, डॉक्टरची आई, सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

“मी तुला कापलं,” ते म्हणाले. “सगळ्या फोटोंतून, एकदम. पाहुणे यायचे होते म्हणून. तुझ्याबरोबर ती पण गेली. मला ठाऊक नव्हतं ती तुझ्या शेजारी असते.”

फोन कट झाला की काय म्हणून बहिणीनं वाकून बघितलं.

“आत्ता पाठवतो,” तो म्हणाला. “पण पाहुणे बसलेत ना तिथे? मग मी मला काढून पाठवू का? चालेल मला. फक्त एकेक फोटो हातानं करावा लागेल, आणि एक अडचण आहे.”

“कसली?”

“आईंना फोटोला उभं राहायचं नसायचं. गॅसवर काहीतरी आहे म्हणून पळायच्या. म्हणून मी येताना त्यांना ओढून आणायचो आणि फोटो होईपर्यंत हात घट्ट धरून ठेवायचो. सगळ्यांत तसंच आहे. मला पूर्ण काढायचं तर त्यांची बोटं कापावी लागतील. चालेल का, काका?”

लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गोपनीयरावांनी फोन जवळ ओढला.

“नको,” ते म्हणाले. “काही कापू नकोस. आहेत तसे पाठव.”

फोटो यायला लागले. कुठल्या कंपनीच्या वाटेनं येतायत, मधे कोण बघतंय, कोण साठवतंय, यातलं गोपनीयरावांनी काही विचारलं नाही. पहिला उघडला तो उलथन्याचा. त्यात बायको होती. एका हातात उलथनं, दुसरा हात जावयाच्या मुठीत, अंग अर्धं स्वयंपाकघराकडे वळलेलं, आणि तोंड उघडं. काहीतरी बोलत होती, बहुतेक सोड रे मेल्या असंच. आणि हसत होती. गोपनीयरावांनी तिला असं हसताना कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचंच जास्त रडू आलं. ते रडले. चारचौघांत, चष्मा काढून, चांगले हुंदके देऊन.

डॉक्टरच्या आईनं फोन हातात घेतला, चष्मा सारखा केला.

“या होय तुमच्या मिसेस. किती गोड,” ती म्हणाली. मग बोट थोडं उजवीकडे सरकवून, सगळं ठाऊक असूनही, तिनं विचारलं, “आणि हे?”

लेकीनं काही म्हणायला तोंड उघडलं, पण गोपनीयरावांनी हातानंच तिला थांबवलं. त्यांनी डोळे पुसले.

“हा आमचा पहिला जावई,” ते म्हणाले. “तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढणारा या घरात हा एकटाच होता.”